कीबोर्ड सापडत नाही

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. ‘जुना’ हा शब्द मी आधीच स्वतःहून सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते कष्ट नकोत. माझा डबा एके काळी पांढरा होता, आता तो दुधाळ चहासारखा दिसतो. मला सुरू केलं की पंखा घरघरतो, आणि पडदा उजळेपर्यंत तुमचा एक कप चहा पिऊन होतो. पण मी सुरू होतो. एवढं लक्षात ठेवा, कारण मध्यंतरी घरातल्याच एका शिकल्यासवरल्या माणसाने मला मृत घोषित केलं होतं.

माझा जन्म २००७ सालचा, शनिवार पेठेतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावरचा. मी कारखान्यातून बंद खोक्यात आलेलो नाही. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, अशी जुळवाजुळव करून एका माणसाने मला उभं केलं. त्याला जेवायला जायची घाई होती. म्हणून माझ्या पुढच्या बाजूला यूएसबीच्या ज्या दोन चपट्या खाचा आहेत, त्यांच्या आतल्या तारा त्याने कुठेच जोडल्या नाहीत. झाकण बसवलं, स्क्रू पिळले आणि तो गेला. माझ्या पाठीकडे मात्र सगळं ठाकठीक होतं. कीबोर्डसाठी एक जांभळी गोल खाच, माउससाठी एक हिरवी, आणि त्यांच्या खाली चार चपट्या. पुढच्या दोन नुसत्या शोभेच्या आहेत, हे जगात फक्त मला माहीत होतं.

मला घरी आणलं सीताराम रामटेके यांनी. ते मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्यात एका सरकारी कार्यालयात टंकलेखक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. टाइपरायटरवर मराठी अक्षरं ज्या जागी असत, त्याच जागी ती माझ्याही कीबोर्डवर उमटली पाहिजेत, ही त्यांची एकच अट होती. दुकानदाराने तसं करून दिलं आणि मी बिबवेवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीशेजारच्या टेबलावर मुक्कामाला आलो.

काय ते दिवस होते, मित्रांनो. निवृत्तीनंतर काका दहा वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासमोर बसत, जणू मी त्यांचं कार्यालयच. आजूबाजूची माणसं अर्ज लिहून घ्यायला येत. कोणाचं नाव शिधापत्रिकेवर चुकलेलं, कोणाच्या मुलाची शिष्यवृत्ती अडलेली. काका खाली न बघता टाइप करत. त्यांची बोटं एवढी झरझर चालत की अक्षरं पडद्यावर आणताना माझीच दमछाक व्हायची.

या माणसाला साधं वाक्य बोलण्यापेक्षा अर्ज लिहिणं सोपं वाटायचं. घरातही तेच. फ्रिजवर चिठ्ठी असायची, ‘विषय : गॅस सिलिंडर संपत आल्याबाबत.’ खाली ‘प्रति, श्रीमती शैला रामटेके’. त्यांच्या पत्नी शैलाबाई चिठ्ठीवर लाल पेनने ‘मंजूर’ लिहीत आणि सिलिंडर नोंदवत. एकदा त्यांनी ‘कारणे द्या’ असंही लिहिलं होतं. विषय होता ‘रात्रीच्या जेवणात पुन्हा दुधी आल्याबाबत’.

आणि मग मार्च महिन्यात एके सकाळी काका टाइप करता करता थांबले. त्यांचा उजवा हात टेबलावरून घसरला, चहाचा कप आडवा झाला आणि सगळा चहा कीबोर्डवर सांडला. मला वाटलं, धक्का लागला असेल. शैलाबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी काकांचा चेहरा बघितला आणि फोन उचलला. त्या दिवशी मला कोणी बंदही केलं नाही. अर्धवट राहिलेला कोणाचा तरी अर्ज पडद्यावर संध्याकाळपर्यंत तसाच होता.

काका तीन आठवड्यांनी घरी आले. पाय ओढत चालत होते, उजवा हात मांडीवर पडून असे. बोलणं मात्र गेलं होतं. म्हणजे डोक्यात सगळं शाबूत होतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, पण जीभ ऐकत नव्हती. तोंडातून नुसता जाड, गुंतलेला आवाज निघे आणि तो कोणालाच उलगडत नसे. डाव्या हाताने पेन धरून बघितलं, तर कागदावर रेघोट्या उमटल्या. मुलाने टॅब आणून दिला. काचेवर बोट थरथरायचं आणि एका अक्षराऐवजी सहा उमटायची. तिसऱ्या दिवशी काकांनी तो टॅब उशीखाली सरकवून दिला आणि पुन्हा हात लावला नाही.

मुलगा म्हणजे सौरभ. धायरीला राहतो, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. वाईट नाही हो, अगदी जिवाला जीव देणारा मुलगा आहे. बापाला दोन मजले चढवताना त्याचा घामटा निघे. त्याने ठरवलं की आईबाबांना धायरीला न्यायचं, तिथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, सूनबाई आणि नातवंडं आहेत. तारीखही ठरली, जून महिन्यातला दुसरा रविवार. टेम्पोवाल्याला सांगून झालं.

“बाबा, तिकडे येणार ना?” सौरभने विचारलं. काकांनी मान हलवली, पण ती ना आडवी होती ना उभी. त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, दोनदा केला, कपाळावर शीर उठली. मग ते थांबले. काही उत्तरं मानेत मावत नाहीत, मित्रांनो.

“म्हणजे हो,” सौरभ म्हणाला.

“ते हो नव्हतं,” शैलाबाई म्हणाल्या.

“मग नाही होतं का?”

“नाहीपण नव्हतं. त्यांना काही सांगायचंय. ते सांगून होईपर्यंत मी एक वाटीसुद्धा खोक्यात भरणार नाही.”

तेव्हा मी त्या बाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं. इतकी वर्षं मला त्या धूळ पुसणाऱ्या म्हणूनच माहीत. दुपारी दोन ते चार त्या याच खोलीत चार बायकांना लिहायवाचायला शिकवत. पण त्यांची पाठ माझ्याकडे असे. आता त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. “यांची बोटं या मशीनवर बोलतात,” त्या म्हणाल्या. “हेच सुरू करायचं.”

आता त्यांनी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती, ती सांगतो. चहा पडलेला माझा कीबोर्ड त्यांनी भांड्यांच्या साबणाने घासला होता, नळाखाली धुतला होता आणि गच्चीत कुरडयांच्या शेजारी चार दिवस उन्हात वाळवला होता. त्यावर सौरभ इतका हसला की त्याला ठसका लागला. कीबोर्ड वाळला, पण मधलं एकही अक्षर उमटेना. तरी शैलाबाईंनी तो फेकला नाही, जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी सौरभ नवा कीबोर्ड घेऊन आला. काकांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवला होता तसा, मोठ्या ठळक बटणांचा, एका हाताने दाबायला सोपा, शेपटीला चपटी पिन असलेला. त्याने ती पिन माझ्या पुढच्या खाचेत घातली. शोभेच्या! मी काय करणार? त्याने दुसऱ्या खाचेत घातली. तीही शोभेची. मला सुरू केलं, तर माझ्या पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ आली, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. त्याने एफ-वन दाबलं. मग जोरात दाबलं.

“आई, हा गेलाय,” तो म्हणाला. “अठरा वर्षं झाली त्याला. अशा मशीनला नवीन काही जोडता येत नाही, सपोर्टच नसतो. हलवताना भंगारात देऊ.”

“तू मागून बघितलंस का?”

“आई, माझं रोजचं काम आहे हे.”

“काहून, मागून बघायला काय होतंय?” शैलाबाई म्हणाल्या. त्या चिडल्या की त्यांच्या तोंडात भंडाऱ्याची बोली येते. पण सौरभला कामाचा फोन आला आणि बोलत बोलत तो जिना उतरून गेला. उंटावरून शेळ्या हाकायची सवय शिकलेल्या माणसांना लवकर लागते, असं माझं मत आहे. मला कोणी विचारलेलं नाही, ते सोडा.

टेम्पो यायला सात दिवस राहिले होते. सोमवारी दुपारी वर्ग सुटल्यावर शैलाबाईंनी माझ्या पाठीकडची एकेक वायर काढली. प्रत्येकीला काकांच्या कपाटातली फायलीची वेगळ्या रंगाची दोरी बांधली आणि प्रत्येक खाचेवर त्याच रंगाच्या दोरीचा तुकडा चिकटवला. मला गोधडीत गुंडाळलं. एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने त्यांच्या वर्गातल्या बायडाबाईंनी. बायडाबाई साठीच्या, चार घरची धुणीभांडी करून येणाऱ्या.

“ताई, ह्यो लई जड हाय,” बायडाबाई जिन्यात म्हणाल्या. “आन् ह्याचा उपेग काय?”

“त्यांना बोलता येईल.”

“मग धरा नीट,” बायडाबाई म्हणाल्या, आणि खालपर्यंत त्यांनी हात सैल केला नाही.

कोपऱ्यावर अक्षता नावाच्या मुलीचं दुरुस्तीचं दुकान आहे. वय तिशीच्या आतबाहेर, कपाळावर चष्मा, समोर उघडे पडलेले दहा-बारा मोबाईल. तिने गोधडी बाजूला करून माझ्याकडे पाहिलं.

“काकू, हा वापरात होता की पुरलेला होता?”

“वापरात होता. अडीच महिने बंद आहे.”

“बरं. याला काय करायचंय? नवा घ्या सांगितलं तर तुम्ही ऐकणार नाही, हे दिसतंय.”

“नव्यावर यांची अक्षरं जागेवर नसतात. बोटांना पुन्हा शिकवायला वेळ नाहीये. हा कीबोर्ड याला जोडून द्या.”

अक्षताने काहीही न बोलता मला वळवलं आणि पिन मागच्या चपट्या खाचेत घातली. मागच्या! मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण पाय तिचे होते, माझ्याकडे हात नव्हते. मला सुरू केल्यावर मात्र पुन्हा तीच ओळ. कीबोर्ड सापडत नाही, एफ-वन दाबा.

यात माझा दोष होता, मित्रांनो, तो मी कबूल करतो. माझ्या जन्माच्या वेळी चपट्या पिनेचे कीबोर्ड कमी दिसत. सुरू होताना अशा कीबोर्डचं ऐकायचं की नाही, याची परवानगी माझ्या आत एका जागी नोंदवावी लागते. ती नोंद ‘नाही’ अशी होती. ती बदलायची तर मी सुरू होतानाच ‘डिलीट’ बटण दाबून आत शिरावं लागतं. आणि दाबायचं कशाने? ज्याचं मी ऐकतो अशा गोल पिनेच्या जुन्या कीबोर्डने.

“म्हणजे कीबोर्ड जोडायला कीबोर्ड पाहिजे,” शैलाबाई म्हणाल्या.

“हो. अर्जासोबत अर्ज मंजूर झाल्याची प्रत जोडा, तसं आहे हे. आणि गोल पिनेचा आता मिळणं कठीण. माझ्याकडचे मी मागच्याच दिवाळीत भंगारात घातले.” अक्षताने खण उघडला. “चपटी पिन गोल खाचेत बसवणारा कन्व्हर्टर लावून बघते, पण या नव्या कीबोर्डना तो सहसा चालत नाही.” तो खरंच चालला नाही.

“माझ्याकडे आहे एक,” शैलाबाई म्हणाल्या. “पण धुतलेला आहे.”

“काय?”

“साबणाने.”

अक्षताने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि शैलाबाईंकडे पुन्हा एकदा पाहिलं. “घेऊन या,” ती म्हणाली.

बायडाबाई धावत गेल्या आणि साडीसकट कीबोर्ड घेऊन आल्या. जांभळ्या खाचेत त्याची गोल पिन बसली तेव्हा मला कसं वाटलं हे मला नीट सांगता येणार नाही. आम्ही दोघं अठरा वर्षं एकमेकांना जोडलेले होतो. त्याची मधली अक्षरं चहाने कायमची गेली होती. पण चहा कडेपर्यंत पोचला नव्हता. ‘डिलीट’ लागलं. बाणांची बटणं लागली. ‘एंटर’ जरा अडखळलं आणि तेही लागलं. त्या पाच-सहा बटणांच्या जोरावर अक्षता आत शिरली, ‘नाही’ची नोंद ‘हो’ केली आणि बाहेर आली. नवा कीबोर्ड उजळला. मला तो ऐकू येऊ लागला.

“साबण कुठला वापरता?” अक्षताने विचारलं. शैलाबाईंना वाटलं ती खरंच विचारतेय, आणि त्यांनी नाव सांगितलं.

पण एवढ्यावर भागतं तर काय हवं होतं. अक्षताने मला चार दिवस दुकानात चालूच ठेवून तपासलं. शुक्रवारी उजेड असतानाच मला घरी आणलं, दोऱ्यांचे रंग बघून शैलाबाईंनी एकेक वायर बिनचूक जोडली, काकांना खुर्चीत बसवलं, बटण दाबलं. कीबोर्ड सापडत नाही. एफ-वन दाबा.

काकांनी ती ओळ वाचली. मग त्यांनी डावा हात उचलून शैलाबाईंच्या मनगटावर ठेवला, असू दे म्हटल्यासारखा. मला वाटतं, त्या आठवड्यात शैलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेवढ्याच वेळी. त्या स्वयंपाकघरात गेल्या, तोंड धुतलं, आणि बाहेर येऊन अक्षताला फोन लावला.

“प्लगमधून काढला होता का मध्ये?” तिकडून आवाज आला.

“काढल्याशिवाय घरी कसा आणणार?”

“तो विसरला,” अक्षता म्हणाली. “त्याच्या आतला सेल संपलाय. वीज गेली की नोंदी पुसल्या जातात. तो मी तेव्हाच बदलायला हवा होता. माझी चूक. येते उद्या.”

शनिवारी ती स्वतः दोन मजले चढून आली. माझं झाकण उघडलं, पोटातला नाण्याएवढा सेल काढून नवा बसवला. धुतलेल्या कीबोर्डने पुन्हा एकदा परवानगी लिहिली. मग तिने मला तीन वेळा प्लगमधून काढून तीन वेळा सुरू केलं, आणि तिन्ही वेळा मला सगळं आठवलं. जाता जाता तिची नजर माझ्या पुढच्या खाचांकडे गेली. आत हात घालून तिने दोन लोंबत्या तारा जोडून टाकल्या. “कोणत्या शहाण्याने हे असं ठेवलं होतं?” ती म्हणाली. मी त्या माणसाचं नाव सांगितलं नाही.

काकांनी त्या दिवशी फक्त सराव केला. एकट्या डाव्या हाताला उजव्याचाही मुलूख सांभाळायचा होता. जागा ठाऊक होत्या, पण बोट पोचायला वेळ लागे. एक ओळ, मग विश्रांती, मग ती ओळ पुसायची. त्यांनी काय लिहिलं ते शैलाबाईंनी मुद्दाम पाहिलं नाही. त्या पाठ फिरवून तांदूळ निवडत बसल्या.

रविवारी सकाळी नऊला सौरभ आला. टेम्पो खाली उभा होता. घरात एकही खोकं भरलेलं नव्हतं आणि काका इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासमोर बसलेले होते. एक बोट बटणामागून बटण दाबत होतं. सौरभने माझ्या पाठीकडे वाकून बघितलं आणि चपटी पिन कुठे आहे ते पाहिलं. तो अर्धा तास दारात उभा राहिला. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

काकांनी शेवटी पूर्णविराम दिला आणि खुर्ची सरकवली. सौरभने मोठ्याने वाचलं.

“प्रति, चिरंजीव सौरभ रामटेके, राहणार धायरी. विषय : स्थलांतराबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदारास धायरी येथे येण्यास अडचण नाही. अर्जदारास कुठेही खिडकी व खुर्ची पुरेशी आहे. तथापि...”

सौरभने पुढची ओळ आधी मनात वाचली. मग पुन्हा मोठ्याने सुरुवात केली.

“तथापि, अर्जदारास बोलता येत नसल्याने त्याचे मत समजू शकले नाही, हे मान्य. परंतु श्रीमती शैला यांना उत्तम बोलता येते. त्यांचेही मत कोणी विचारलेले नाही. अर्जदाराने स्वतःही गेल्या चव्वेचाळीस वर्षांत ते विचारल्याचे अभिलेखात आढळत नाही. सबब, प्रथम त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही विनंती. आपला विश्वासू.”

आठवडाभर अखंड बोलणाऱ्या, भांडणाऱ्या, जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या शैलाबाई गप्प झाल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. त्या जे काही करत होत्या ते नवऱ्याला बोलता यावं म्हणून. तो बोलायला लागल्यावर आपल्याबद्दल बोलेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“आई,” सौरभ म्हणाला, “तुला यायचंय का?”

त्यांनी पदर खाली घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, “नाही.”

“आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही सगळे यांचंच बोलत होतात. मीसुद्धा.” त्यांनी डोळे पुसले. “बायडाबाई आत्ता कुठे जोडाक्षरांपर्यंत आली आहे. तिला मध्येच सोडून कुठे येऊ? यांना जिना होत नाही, हे खरं आहे. मग याच गल्लीत तळमजला शोध ना. मी कुठे म्हणते की वरच राहायचंय.”

सौरभ खिडकीशी गेला आणि टेम्पोवाल्याला वरूनच म्हणाला, “दादा, आज नाही.” खालून एक शेलका शब्द आला. पण तो मी इथे लिहीत नाही.

आता आम्ही त्याच गल्लीत तळमजल्यावर राहतो. काका रोज तीन ओळी टाइप करतात. एक अर्ज पुरा व्हायला आठवडा लागतो, आणि लोक थांबतात. धुतलेला कीबोर्ड माझ्या शेजारी साडीत गुंडाळलेला असतो. त्याच्याकडे मोजून पाचसहा बटणं आहेत, पण या घरात त्याला कोणी भंगार म्हणत नाही.

मित्रांनो, जुनं ते सोनं असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यात सोनं फार थोडं आहे, आणि ते काढायला गेलात तर मी मरेन. जुन्याला नवं जोडताना पहिल्या खाचेत लागलं नाही म्हणून त्याला मेलेलं समजू नका, एवढंच माझं मागणं आहे. वळवून मागून बघा, आतला सेल बघा, जरा तसदी घ्या. मी यंत्र आहे, मला टाकून दिलंत तरी मला रडता येणार नाही. पण तुमच्या घरात सगळ्यांसाठी धावणारं, भरपूर बोलणारं, कधीच न अडणारं एक माणूस असेल. त्याला तुम्ही शेवटचं कधी विचारलंत, की तुला काय हवंय? आठवत नसेल, तर हे वाचून झाल्यावर आधी तेवढं विचारून या.